सामाईक विहिरीतली करणी

कानिफनाथच्या मळ्यात विहिरीभोवती निम्मं गाव लोटलं होतं. सहादेव महाराज माईकवर गरजत होते, "बघा, डोळे फाडून बघा!" समोर ग्लासात याच विहिरीचं पाणी, त्यात वायर जोडलेल्या दोन सळ्या. बघता बघता पाणी तांबडं-काळं झालं, वर घाण तरंगायला लागली. बाया "आगं आई!" करत मागं सरकल्या. मग त्याच सळ्या महाराजांनी मंतरलेल्या पाण्याच्या ग्लासात बुडवल्या. ते मात्र नितळच.

"ही करणी! घरातल्याच बाईनं केलेली!" महाराजांचं बोट बनुबाईकडं वळलं.

बनुबाई ही कानिफनाथची विधवा भावजय. विहीर दोघांची सामाईक. गेल्या साली कानिफनाथच्या पोराला कावीळ झाली, तेव्हा याच महाराजानं तिचं नाव घेतलं आणि दिरानं तिची पाण्याची पाळी तोडली. हंडाभर पाण्यालाही तिला हाकलायचे. ती दिसली की बाया पोरं घरात ओढायच्या. सगळं तिनं मुकाट गिळलं. पण परवा तिची लेक रेश्मा आली होती. ती पारनेरच्या शाळेत विज्ञान शिकवते.

रेश्मा पुढं झाली. "महाराज, तुमच्या पवित्र पाण्यात चिमूटभर मीठ टाकते."

"हात लावू नकोस! भस्म होशील!"

"होऊ द्या की," म्हणत तिनं मीठ टाकलं, सळ्या बुडवल्या. मंतरलेलं पाणीही तसंच तांबडं-काळं!

"आता ही करणी कुणाची? मिठाची?" गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. रेश्मानं सळई वर धरली. "ही लोखंडी सळई झिजतेय, हा तिचा गंज. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई विरघळते. महाराजांचं पाणी म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतो ते, बिनक्षाराचं!"

बनुबाईला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोला! महाराज हळूच सटकायला लागले, तशी ती आडवी झाली. "कुठं निघालास, मुडद्या? बस खाली!"

"मग माझं पोरगं कशानं आजारी पडलं?" कानिफनाथ ओरडला.

रेश्मानं पिशवीतून दोन छोट्या बाटल्या काढल्या. "काका, ही पाणी तपासायची बाटली. मैल्याचे जंतू असले की काळी पडते. शाळेच्या नळाची ही, रंग बदलला नाही. परवा तुमच्या विहिरीचं पाणी भरलं, ते बघा, काळं ठिक्कर! असल्या पाण्यानं कावीळ होते. तुमच्या संडासाचा खड्डा कुठं खणलाय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. खड्डा विहिरीला खेटून, वरच्या अंगाला होता.

कानिफनाथ बनुबाईकडं वळला. "चुकलं, वहिनी. झालं गेलं इसरा."

"इसरू? मला चेटकीण म्हनलास, तवा समदं गाव ऐकत हुतं. घे त्यो माईक!"

घेतला त्यानं. "इहीर माझ्या खड्ड्यानं नासली. वहिनीनं काय बी केलं न्हाई."

"फुडं?"

"बुवाला इचारत बसू नका. आपापल्या इहिरीचं पानी तपासून घ्या."

"ऐकू आलं न्हाई," बनुबाई म्हणाली. "मोठ्यानं!"

त्याचा घसा बसेपर्यंत तिनं ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग लेकीकडं वळली. "लाव पोलिसाला फोन. दोघांची बी नावं सांग."