आईने आतच थांबायचं

गार्गीला सकाळी उठवणं हा विलेपार्ल्याच्या त्या घरातला रोजचा सोहळा होता. आधी आजोबा, श्यामकांत, पडदा सरकवायचे. मग आजी, माणिकबाई, दुधाचा पेला घेऊन हजर व्हायच्या. पण साडेतीन वर्षांची ती पोर पांघरुणातून बाहेर यायची ती आईच्याच हाकेने. "गारू, पाणी निवतंय हं!" असं इरावतीने बाथरूममधून म्हटलं की धावत सुटायची. मग दोन तांबे आईने घालायचे, एक तिचा तिने, आणि डोळे घट्ट मिटून "संपलं? संपलं?" असं विचारत राहायचं. त्यानंतर आई अंधेरीच्या ऑफिसला आणि लेक कोपऱ्यावरच्या बालवाडीत.

गार्गीचा बाबा, माणिकबाईंचा एकुलता एक देवव्रत, सव्वा वर्षापूर्वी कामावर असतानाच हृदयविकाराने गेला. वय छत्तीस. इरावती सासू-सासऱ्यांजवळच राहिली. सासू-सासरे वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांनी सुनेला मंगळसूत्र काढायला लावलं नाही, टिकली लावू नको म्हटलं नाही, उलट तिची नोकरी सुरू राहावी म्हणून नातीचं सगळं अंगावर घेतलं. विधवांचे हाल होत ते दिवस गेले, असं श्यामकांत चारचौघांत अभिमानाने सांगत. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

पहिलं वर्ष दुखवट्यातच गेलं, सण झाले नाहीत. यंदा संक्रांत झाल्यावर माणिकबाईंनी ठरवलं की गार्गीचं बोरन्हाण करायचं. लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, ओवाळायचं, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे. भोवतालच्या मुलांनी ते लुटायचे. इतका गोड, इतका निरागस सण आपल्याकडे दुसरा नसेल.

शुक्रवारी संध्याकाळी इरावती हॉलमध्ये हलव्याचा मुकुट शिवत बसली होती. माणिकबाई तिच्याजवळ येऊन टेकल्या.

"इरा, एक बोलू? राग नको मानूस हं."

"बोला ना, आई."

"रविवारी औक्षण मी करते. मग शेजारची मालन, बाकीच्या चौघीजणी. तू आतलं बघशील का? कॉफी, वाणाच्या पुड्या... तुला त्रास नको म्हणून म्हणते गं. बायका जमतात, कोणी काही बोललं तर तुलाच लागेल."

इरावतीची सुई थांबली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. श्यामकांतांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि ते अधिकच बारकाईने वाचू लागले.

"चालेल," इरावती म्हणाली.

हा 'चालेल' आपल्या घरांतून फार स्वस्तात मिळतो. बोलणारीला वाटतं, वाद टळला. ऐकणारीला वाटतं, हिला पटलं. आणि ज्या गोष्टीला कोणीतरी अडवायला हवं होतं ती आणखी एक पिढी पुढे सरकते.

रविवारी पाच वाजता घर भरलं. गार्गी काळ्या फ्रॉकमध्ये, मुकुट सांभाळत, मान ताठ ठेवून पाटावर बसली. मालनताईंनी तिची दृष्ट काढली. माणिकबाईंनी निरांजन उचललं आणि गार्गी उठलीच.

"आई कुठंय? आईने घालायचं!"

"बस गं राणी. आजी घालते ना."

"नाही! आई!"

मुकुट एका कानावर आला. गार्गी स्वयंपाकघराकडे धावली. माणिकबाईंनी तिला दंडाला धरून मागे आणलं, जवळ घेतलं आणि समजावलं. पोराला विस्तवापासून लांब ठेवताना जो लाडिक आवाज काढतात तोच आवाज.

"शहाणी ना तू? आज आईने नाही घालायचं. आईने घातलं की बाळाला बाऊ होतो. आईने आतच थांबायचं."

दोघी-तिघी हसल्या. मालनताई हळूच शेजारणीला म्हणाल्या, "बिचारा देवव्रत. बायकोचे ग्रहच तसे." लहान मुलांना कळत नाही अशा समजुतीने आपण त्यांच्यासमोर काय काय बोलतो! गार्गी पाटावर जाऊन बसली. टाळ्या वाजल्या, चुरमुरे उधळले.

आत चिमणी घरघरत होती, त्यामुळे इरावतीला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. दाराच्या फटीतून तिला फक्त लेकीच्या डोक्यावरून घरंगळणारी बोरं दिसली. तिला रडू फुटलं. तिने सिंकपाशी तोंड धुतलं आणि कप भरले.

सोमवारी सकाळी तिने नेहमीसारखी हाक मारली. गार्गी बाथरूमच्या दारात येऊन थांबली.

"तू नको. आजी घालेल."

"का गं? कट्टी?"

गार्गी आजीकडे पळाली. मंगळवारी तेच झालं. बुधवारी तिने आईला केसांना हात लावू दिला नाही, डोकं दोन्ही हातांनी झाकून सोफ्यामागे जाऊन बसली. हट्टीपणाचं वय, असं श्यामकांत म्हणाले. माणिकबाईंना, खरं सांगायचं तर, नात आपल्याकडे ओढली गेल्याचं थोडं बरं वाटलं. इरावती मात्र ऑफिसात काम करता करता थांबायची आणि आपलं काय चुकलं ते आठवत बसायची.

गुरुवारी बालवाडीतलं बोरन्हाण होतं. सगळी मुलं रांगेने बसवलेली, प्रत्येकाच्या मागे त्याची आई, हातात चुरमुऱ्यांची वाटी. इरावती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. आज अडवायला कोणी नव्हतं. ती लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली, वाटी उचलली.

गार्गीने वर पाहिलं आणि किंचाळली.

"आई नको! आई नको! मी मरेन!"

ती उठून पळाली ती थेट दर्शनाटीचरच्या ओढणीत शिरली. हॉलमधल्या सगळ्या आया वळून बघत होत्या. इरावती वाटी धरून तशीच उभी होती.

दर्शना मानखुर्दहून रोज येणारी, पंचविशीतली, स्पष्ट बोलणारी मुलगी. मुलांना मदतनीस बाईंकडे सोपवून तिने इरावतीला बाजूच्या खोलीत नेलं.

"ताई, बसा आधी. पाणी प्या. सोमवारपासून हे चालूय. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"काय माहीत असेल?"

दर्शनाने खुर्ची जवळ ओढली. "ती म्हणते, आईने डोक्यावरून काही घातलं की बाऊ होतो. आजीने सांगितलं म्हणते. मी म्हटलं, असं काही नसतं गं. तर मला विचारते, 'मग माझ्या बाबाला कसा झाला?'"

इरावतीने ग्लास खाली ठेवला.

"तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, ताई. बाबाला तुम्ही हात लावला म्हणून तो गेला. सॉरी, मला असं तोंडावर बोलायचं नव्हतं. पण कोणीतरी बोलायलाच पाहिजे ना?"

नवऱ्याच्या मरणाचा ठपका इतके दिवस कुजबुजीत होता. तो आता स्वतःच्या लेकीच्या तोंडून आला.

घरी माणिकबाई मटार सोलत होत्या, श्यामकांत समोरच बसले होते. गार्गी शेजारच्या मुलीबरोबर खाली खेळायला गेली होती. इरावतीने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"अगं, मी सहज म्हटलं!" माणिकबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पोर आत पळत होती. काहीतरी सांगून बसवायला नको? बागुलबुवा येईल म्हणतो, तसं."

"बागुलबुवा खोटा असतो, आई. मी खरी आहे. तिला रोज जवळ घेते."

"माझ्या मनात वाईट नव्हतं गं."

"माहितीये मला. म्हणून तर मी शुक्रवारी चालेल म्हटलं. तिथेच चुकलं माझं." इरावती त्यांच्यासमोर बसली. "वर्षभर तापात तिच्या उशाशी कोण बसलं? तेव्हा माझा हात चालतो. पाच बायका आल्या की बाधतो?"

"लोक काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही—"

"लोकांचं मी बघते. पण गार्गीच्या मनातलं मला नाही काढता येणार. मी जवळ गेले तरी ती पळते. तुम्ही घातलंत, तुम्हीच काढायचं. परवा रथसप्तमी आहे, सणाचा शेवटचा दिवस. बोरन्हाण परत करायचं, त्याच बायकांसमोर. मी घालणार. आणि तुम्ही तिला सांगायचं की आजी खोटं बोलली."

"चारचौघींत? माझ्या वयाला?"

"चारचौघींतच सांगितलं होतंत."

माणिकबाईंनी आधारासाठी नवऱ्याकडे पाहिलं. श्यामकांतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी शुक्रवारी बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "ऐकत होतो मी सगळं."

शनिवारी पाचांपैकी तिघीच आल्या. एकीला अचानक पाहुणे, एकीचा फोनच लागेना. मालनताई आल्या, बहुधा काय होतंय ते बघायला.

गार्गी पाटावर बसायलाच तयार नव्हती. माणिकबाई खाली, तिच्या समोर बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी बसल्या.

"गारू, त्या दिवशी आजी खोटं बोलली. आईने घातलं की बाऊ होत नाही. बाबाला आईमुळे काही झालं नाही. बाबाचं हृदय आजारी होतं. आई तर त्याची खूप काळजी घ्यायची."

गार्गीने आजीचा चेहरा निरखला. मुलांना एकदा फसवलं की ती पुरावा मागतात.

"मग आधी आईला तुझ्यावर घालू दे."

साठ वर्षं ज्यांनी कुठल्याही शुभकार्यात विधवेच्या हातचं कुंकू घेतलं नव्हतं त्या माणिकबाईंची नजर नकळत श्यामकांतांकडे गेली. त्या एका नजरेत सगळं होतं. ओठांवर 'तुला त्रास नको' असं असलं तरी पोटात भीती नवऱ्याच्या जिवाची होती. इरावतीला ती नजर कळली. मालनताईंनाही कळली.

"बस, माणिक," श्यामकांत म्हणाले. "मी इथेच आहे."

माणिकबाई पाटावर बसल्या. इरावतीने वाटी उचलली आणि सासूच्या पिकल्या केसांवरून बोरं, चुरमुरे हळूहळू सोडले. माणिकबाईंनी डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि ते थांबेना.

डोक्यावर दोन्ही हात धरून गार्गी दोन पावलं मागे सरकली. "बघ! आजीला बाऊ झाला!"

"नाही गं बाळा." माणिकबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बाऊ नाही. आजीला लाज वाटली."

"लाज म्हणजे काय?"

माणिकबाईंनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. गार्गी एकेकीच्या तोंडाकडे पाहत फिरली. आजोबांनी मान खाली घातली. मालनताई चुरमुरे वेचू लागल्या. उत्तर कोणाकडेच नव्हतं, आणि आपल्यापैकी कितीजणांकडे असेल, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावं.

गार्गी मग आईसमोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचे हात तिने अजून काढले नव्हते.

"एकच घाल," ती म्हणाली. "छोटं."