मराठीत होतं म्हणून

"अगं, मराठीत आहे!" आमच्या ह्यांचं एवढंच पालुपद. लग्न जुळवायचं ॲप. वर गणपती, खाली 'महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी'. झाशीत आमची मोजकी घरं, मुलीला स्थळ बघायचं तर ग्वाल्हेर-इंदूर पालथं घालायचं. कोणीतरी आपली आठवण ठेवली म्हणून आमचे विद्याधरपंत गहिवरलेच. फोटो बघू का, नंबर बघू का, ॲप विचारतंय आणि हे 'हो, हो' दाबतायत. वर मराठी मंडळाचे सेक्रेटरी ना! लगेच ग्रुपवर धाडलं: अवश्य घ्या.

सोमवारी आमची लेक देविका बिजौलीच्या कारखान्यातून दुपारीच घरी आली. तिचा चेहरा चिकटवलेले घाणेरडे फोटो दूधवाल्यापासून तिच्या साहेबापर्यंत, ह्यांच्या फोनमधल्या प्रत्येकाला गेले होते. चेहरा घेतला होता चुलतभावाच्या मुंजीतल्या फोटोतून, आणि तो फोटो होता फक्त ह्यांच्या फोनमध्ये. पोरगी ओकत होती.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. लिहून घेणारा म्हणाला, "अंकल जी, परमिशन तो आपने ही दी थी." ज्या कंपनीच्या ॲप-दुकानातून ते उतरवलं तिला कळवलं, तर उत्तर आलं, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे.' अरे मेल्यांनो! दुकान तुमचं, माल तुमच्या फळीवरचा, आणि दोष गिऱ्हाइकाचा?

"आधी ग्रुपवर सांगा, सगळ्यांना ते काढून टाकायला लावा," मी ह्यांना म्हटलं.

"आणि कारण काय सांगू? पोरीची उरलीसुरली अब्रू घालवू?"

देविकाने ह्यांच्या हातातून फोन घेतला. एरवी ती हिंदीच बोलते, मराठी अडखळत येतं. तरी मराठीतच रेकॉर्ड करून पाठवलं: "मी देविका. माझे खोटे फोटो फिरतायत. बाबांनी पाठवलेलं ॲप चोर आहे. आत्ताच्या आत्ता काढा."

मग लक्ष्मी गेटजवळच्या कल्याणीवहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या. "इंदू, आमच्या मृदुलाचेही आले होते गं. गेल्या आठवड्यात. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही बोललोच नाही."

गेल्या आठवड्यात! तेव्हाच बोलल्या असत्या तर? माझ्या तोंडात शिव्या आल्या. पण समोर हे मान खाली घालून बसले होते, आणि हेही तेच करायला निघाले होते.

देविकाने फोन मागून घेतला. "काकू, मृदुलाला द्या."

"ती कोणाशी बोलत नाही गं. खोलीचं दार लावून बसलीये."

"मग स्पीकर लावा," देविका म्हणाली, "आणि फोन दाराला लावून धरा."