बाहीत राखलेलं कापड

"कोट? कुठला कोट, बाबा?" कोमलने विचारलं, आणि विचारता विचारताच तिच्या लक्षात आलं. कणकेचे हात तसेच परातीत राहिले.

श्रीकृष्ण खांबेटे गॅलरीच्या दारात उभे होते. कठडा रिकामा होता. "निळा. बुधवारी उन्हाला घातला होता मी. काल काढायचा राहून गेला."

"अहो, तो मी काल त्या बोहारणीला, मंजूबेनला दिला." सुनेचा आवाज एकदम बसला. "चार साड्या दिल्या, अनीशच्या दोन जीन्स दिल्या, तरी तिचं आपलं चालूच. 'बेन, एक नंग ओछुं पडे छे.' मोठा डबा हवा असेल तर अजून एक कापड टाका म्हणे. कोट समोर लटकत होता. सहा वर्षांत तुमच्या अंगावर कधी पाहिला नाही हो! मला वाटलं, तुम्ही टाकायलाच काढलाय."

ओट्यावर तो डबा होता. नवाकोरा, स्टीलचा, पाच किलो पोहे मावतील एवढा. कोमलने तो घासून पुसून भरूनही टाकला होता. सासरे डब्याकडे बघताहेत म्हटल्यावर तिला रडूच यायला लागलं. आता दुसरा एखादा सासरा असता तर त्याने मांजलपूरची अख्खी सोसायटी डोक्यावर घेतली असती. श्रीकृष्णराव नुसते म्हणाले, "डबा चांगला जाड आहे," आणि चपला शोधायला लागले.

"बाबा, कुठे निघालात? चहा तरी घ्या!"

"आज शुक्रवार. मंजू पाणीगेटला पथारी टाकते. बघतो."

"नवीन घेऊ ना आपण! अनीश घेऊन जाईल तुम्हाला मॉलमध्ये. रविवारला अजून दोन दिवस आहेत."

ते तोवर जिना उतरलेसुद्धा. कोपऱ्यावर शटल रिक्षात बसले आणि कडेचा दांडा घट्ट धरून राहिले. बहात्तर वर्षांचा माणूस, दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात अकरा किलो उतरलेला, पण शर्टाची घडी अशी कडक की शेजारच्या बाईंनी आपली भाजीची पिशवी बाजूला सारली.

श्रीकृष्णरावांची ती ख्यातीच होती. बडोद्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं कारकुनी केली, पण नवीन व्यापारी आला की आधी यांनाच नमस्कार करायचा. साहेब बिचारे ढगळ बुशशर्टात मागे बसलेले असायचे. मित्र चिडवायचे, "खांबेटे, पगार आमच्याएवढाच ना रे? का कुणी जहागीर ठेवलीय मागे?" जहागीर कसली! मंगळ बाजारात कटपीसच्या गठ्ठ्यात तासन्‌तास हात घालायचा. मिलचा माल, ताग्याचा शेवटचा तुकडा, म्हणून निम्म्या भावात. आणलेला तुकडा रात्रभर बादलीत भिजवायचा, कारण कापड काय आटायचं ते कात्री लागायच्या आधी आटलेलं बरं. मग पाणीगेटच्या बापू शिंप्याकडे. तीन शर्ट, दोन पँटी, एवढाच संसार. पँटी रात्री गादीखाली, की सकाळी सुरीसारखी घडी. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण कापडाला असतं, आणि ते श्रीकृष्णरावांना नेमकं ठाऊक होतं.

आणि त्यांचा एक कायदा होता. ऑफिसातला कुणीही लग्नाचे कपडे घ्यायला निघाला की यांना सोबत न्यायचा, आणि हे दुकानात तोच कायदा सांगायचे. "खांदा बघ. खांदा बसला तर कपडा तुझा. कंबर, बाही, उंची सगळं शिंपी करून देईल. खांदा कुणाला करता येत नाही. खांद्याला लटकला की, कितीही स्वस्त असू दे, हात जोड आणि बाहेर पड."

निळा कोट मात्र त्यांनी निवडला नव्हता. तो बायकोने, चारुलताबाईंनी निवडला होता. पंच्याऐंशी साल, तिच्या भावाचं लग्न, आणि नवऱ्याकडे कोट नाही. मंगळ बाजारात गठ्ठ्याच्या तळातून तिने तो तुकडा ओढून काढला. गडद निळा, हाताला मऊ. दुकानातल्या दिव्याखाली काळा दिसतो म्हणून ती सरळ रस्त्यावर उन्हात घेऊन गेली, आणि दुकानदार मागून "बेन! ओ बेन!" करत धावला. तिथे भर रस्त्यात तिने तो नवऱ्याच्या खांद्यावर टाकला, दोन पावलं मागे झाली आणि म्हणाली, "हं. आता दिसता माझ्या भावाचे मेहुणे."

बापूला तिने बजावून सांगितलं होतं, "बाह्यांत दोन इंच कापड आत राखा. आमचा मुलगा बापापेक्षा उंच होणार आहे, त्याला होईल." तेव्हा अनीश पाळण्यात होता. पुढे अनीश उंचीऐवजी रुंदीला वाढला, आणि कोट म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. राखलेलं कापड राखलेलंच राहिलं.

नऊ वर्षांपूर्वी चारुलताबाई गेल्या. जायच्या आधी महिनाभर, पडल्या पडल्या, त्यांना सगळ्यांच्या पुढच्या व्यवस्था लावायचा नाद लागला होता. मुलीची मुलगी सानवी तेव्हा पंधराची. "हिच्या कार्यात तोच निळा घाला हं," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "भाड्याची शेरवानी घालून उंटासारखे उभे राहू नका. मला वचन द्या." त्यांनी हसत हसत वचन दिलं होतं. आता रविवारी अकोट्याला सानवीचा साखरपुडा होता, आणि वचन पोह्यांच्या डब्यात गेलं होतं.

पाणीगेटबाहेर शुक्रवारचा बाजार ऐन भरात होता. पथाऱ्याच पथाऱ्या. बोहारणींनी आठवडाभर घरोघर फिरून भांड्यांवर घेतलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री मारून मांडलेले. श्रीकृष्णराव ढीग ओलांडत, माफी मागत चालले होते. मनात एकच, विकला नसू दे. देवाला त्यांनी आजवर फारसं काही मागितलं नव्हतं. बायकोच्या आजारातसुद्धा मागायला संकोच वाटला होता. आज एका जुन्या कोटासाठी ते मागत होते आणि लाजत होते.

मंजूबेनने त्यांना लांबूनच ओळखलं. "आवो काका! मांजलपूरवाळा काका ने?"

"मंजू, काल आमच्याकडून कोट आणलास. निळा."

"ए तो पेला भाई पहेरी जुए छे," ती म्हणाली, आणि तिने हनुवटीने दाखवलं.

बांबूला टांगलेल्या आरशासमोर एक तिशीचा तरुण पाठमोरा उभा होता. अंगात निळा कोट. श्रीकृष्णराव थांबले. ती पाठ त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. आपली पाठ कोण बघतं? चारुलता बघायची. ऑफिसला निघताना दारातून म्हणायची, "मागून साहेब दिसता." म्हणजे हे दिसत होतं तिला.

तरुण वळला. चेहरा घामेजलेला. बाह्या मनगटाच्या पार वर राहिल्या होत्या आणि तो त्या ओढून ओढून खाली आणत होता. "बेन, बाय टूंकी छे," तो कुरकुरला. "बाही आखूड आहे यार," हे शेवटचं स्वतःशीच, मराठीत.

"मराठी का तुम्ही?" श्रीकृष्णरावांनी विचारलं.

"हो काका. कुणाल मोहिते. इथेच वाडी भागात राहतो." बडोद्यात दोन मराठी माणसं अशीच सापडतात, गुजरातीत घासाघीस करता करता. "सोमवारपासून हॉटेलात लागतोय, रिसेप्शनला. आठ वर्षं पार्सलं पोचवली दारोदार. आता म्हणतात कोट घालून या, पहिला पगार झाला की युनिफॉर्म देऊ. नवा कोट बघितला तर चार हजार! पहिल्या पगाराच्या आधी चार हजार आणायचे कुठून, सांगा."

"काका, कोट तमारो होय तो लई जाओ," मंजूबेन मध्येच म्हणाली. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. "ए भाई, उतारी नाख. घरनी भूल थई गई. मला डब्याचे पैसे द्या, काका, बस. बीजुं कंई नहीं." धंदा धंद्याच्या जागी, पण बाई मनाची मोठी होती.

कुणालने कोट उतरवला. उतरवताना कॉलर नीट केली, आणि कोट दोन्ही हातांनी मागून धरून उभा राहिला. "घाला, काका."

श्रीकृष्णरावांनी हात घातले. अस्तर थंड लागलं. कोट अंगावर आला आणि ते आरशाकडे वळले.

आरसा लहान होता, पण त्यात खांदे दिसत होते. दोन्ही खांदे कोटाचे होते. त्यांचे स्वतःचे कुठेतरी आत, दोन बोटं आधीच संपले होते. कोट तिथून खाली लटकत होता. बुधवारी उन्हाला घातला तेव्हा त्यांनी तो मुद्दामच अंगात घालून पाहिला नव्हता. बापू करेल काहीतरी, असं स्वतःला सांगितलं होतं. बापू काय करणार? चौतीस वर्षं आपणच लोकांना सांगत आलो ना!

"मस्त दिसतो," कुणाल म्हणाला. पोरगा खोटं बोलत होता, आणि वाईट बोलत होता.

श्रीकृष्णराव बराच वेळ आरशात बघत राहिले. मग त्यांनी कोट काढला, झटकला आणि कुणालच्या पुढे धरला. "परत घाल बघू. सरळ उभा राहा. हात खाली." त्यांनी त्याच्या एका खांद्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. शिवण नेमकी हाडावर बसली होती. एका दोऱ्याइतकीसुद्धा इकडे तिकडे नव्हती.

"तुझा आहे," ते म्हणाले.

"अहो, नको काका! तुमच्या घरचा आहे. आणि बाही बघा ना..."

"बाहीत दोन इंच कापड आहे आत."

"तुम्हाला काय माहीत?"

"आमच्या हिने राखायला सांगितलं होतं." एवढं बोलून ते मंजूबेनकडे वळले. "मंजू, ह्याला वाजवी लाव. आणि त्या ढिगातला तो पांढरा शर्ट दे मला. तो नाही, खालचा. हां. ह्याचा खांदा मला बसेल, कापडही चांगलं आहे. बटणं बदलली की झालं."

बापू शिंपी गेटाच्या आतल्या ओट्यावर मशीन मांडून बसत असे. आता जाड भिंगाचा चष्मा, हातात थोडी थरथर, पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवायचा. कोट बघितला आणि म्हणाला, "अरे! ह्याला तर मी ओळखतो."

"बाह्या उतर, बापू. दोन्ही."

बापूने चष्म्यावरून आधी कुणालकडे बघितलं, मग श्रीकृष्णरावांकडे. चाळीस वर्षांची ओळख, विचारायचं काय त्यात? "शर्ट कोणाचा?"

"माझा. रविवारी सानवीचा साखरपुडा आहे. अंगाबरोबर करून दे."

"मग ये, माप घेऊ दे."

श्रीकृष्णराव ओट्यापाशी पाठ करून ताठ उभे राहिले. टेप खांद्यावरून फिरली. बापूने दोनदा मापलं. पूर्वी तो आकडा मोठ्याने म्हणायचा, आख्ख्या पाणीगेटला ऐकू जाईल असा. आज त्याने तो नुसता खडूने शर्टाच्या आत लिहिला.

"किती?" श्रीकृष्णरावांनी विचारलं.

"तुझ्या मापाचा," बापू म्हणाला. "गुपचूप उभा राहा."

मग त्याने कोटाची बाही उलटी केली आणि अस्तराची शिवण पात्याने उसवायला घेतली. जुना दोरा पटपट तुटत गेला. आत दुमडलेलं कापड त्याने नखाने उलगडलं, बाही सुलटी केली आणि खाली ओढली.

बाहीच्या टोकाला दोन इंचांचा पट्टा निघाला. गडद निळा.

उरलेला कोट त्याच्यापुढे एकदम राखाडी दिसायला लागला. चाळीस वर्षं उन्हाला घालून घालून, धुलाईला देऊन देऊन तो असा विटला होता, आणि रोज बघणाऱ्याला ते कळलंच नव्हतं. आत मात्र ऊन पोचलं नव्हतं.

"काका, हा रंग वेगळा आहे की हो," कुणाल काळजीत पडला.

"वेगळा नाही," श्रीकृष्णराव म्हणाले. त्यांनी वाकून त्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. "हाच आहे. असा होता तो."

डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. मंगळ बाजारातलं ते ऊन, "बेन! ओ बेन!" करत धावणारा दुकानदार, दोन पावलं मागे होऊन बघणारी चारुलता. सगळं त्या दोन इंचांत जसंच्या तसं होतं. बापूने मशीनवरचा हात काढून घेतला आणि कारण नसताना कात्री पुसत बसला.

"पट्टीसारखं दिसेल, बापू? हॉटेलात चालेल?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"वर बारीक दोरी लावतो. लोकांना वाटेल मुद्दाम केलंय."

"स्टाईल आहे, काका," कुणाल म्हणाला. आता तो खरं बोलत होता.

अर्ध्या तासात बाह्या झाल्या. कुणालने कोट लगेच अंगात घातला, भर उन्हात. बापूचे पैसे दिले, वाकून दोघांच्या पाया पडला आणि बाजारातून निघाला. गर्दीत कोट थोड्याच वेळात दिसेनासा झाला, पण तो चालताना हात हलवत होता. दोन निळे पट्टे बराच वेळ, गेटाच्या कमानीपर्यंत, दिसत राहिले.

पट्टे कमानीपलीकडे वळल्यावर श्रीकृष्णराव स्टुलावर बसले. शर्टाची मळकी बटणं त्यांनी एकेक करून तोडायला घेतली.

"कॉलर कडक ठेव हं, बापू," ते म्हणाले. "रविवारी ही बघणार आहे."