आधी फळी, मग पाय

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. खरे तर जन्मापासून सांगायला हवे, पण आधी त्या दिवसाचे सांगते.

त्या सकाळी आम्ही दोघी फळ्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या होतो. आत बेटाचा राखणदार बिनतारी यंत्रावर बोलत होता. दूर किनाऱ्यावरच्या दवाखान्यातून निरोप आला होता. त्याने दोनदा "काय?" असे विचारले आणि यंत्र ठेवून दिले. बाहेर आला तो आम्हाला न घेताच समोरच्या उतारावरून धक्क्याकडे धावत सुटला. धक्क्याला नाव नव्हती. ती दुसऱ्या दिवशी येणार होती आणि ते त्याला नुकतेच सांगितले होते. तरी तो धावला. त्या उतारावर आमच्याकडे कोणी धावत नाही. त्याची बायको गेली हे मला त्याच्या धावण्यावरूनच कळले.

आमच्या बेटावर एकही झाड नाही. नुसते गवत, खडक आणि वारा. जमीन मात्र आतून पोकळ आहे. जन्मभर समुद्रावर राहणारे काळे पक्षी अंड्यांपुरते इथे येतात आणि मातीत खोल बिळे करून राहतात. एका बिळात एक जोडी, वर्षाला एकच अंडे. एक जण अंड्यावर बसतो, दुसरा पोट भरायला समुद्रावर जातो, तो परतला की पाळी बदलते. दरवर्षी तेच बीळ आणि बहुतेक तोच जोडीदार. त्यांच्या डोक्यावर वीतभर मातीचे छप्पर असते. माणसाचा पाय पडला की ते खचते. म्हणून इथे दोन फळ्या घेऊन चालतात. एकीवर उभे राहायचे, मागची उचलून पुढे टाकायची, मग तिच्यावर जायचे. वजन पसरते आणि खालचे घर वाचते.

माझा जन्म काही या कामासाठी झाला नव्हता. मी एका जहाजाच्या डेकवर होते. खलाशी मला रोज घासत आणि मी उन्हात पांढरी दिसे, त्याचा मला अभिमान होता. ते जहाज याच बेटाच्या खडकांवर फुटले. लाटांनी मला गोट्यांच्या किनाऱ्यावर आणून टाकले. जिथे झाड नाही तिथे लाकूड कोणी वाया घालवत नाही. उन्हाळ्यात अंडी गोळा करायला माणसे येत, त्यांनी मला झोपडीच्या दारात बसवले. ती टोपल्या भरून अंडी नेत, पण पायवाटेच्या वरच्या बाजूला हात लावत नसत. कोणी लावलाच तर त्यांचा म्हातारा मुकादम त्याला त्या दिवशी जेवायला देत नसे.

पुढे दीपगृह झाले. दिवेवाले बायकामुलांसह राहायला आले आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात बरण्यांची फळी झाले. ती माझी भरल्या घरातली वर्षे. पण त्यांच्या धान्याच्या पोत्यांतून उंदीर उतरले. उंदरांसाठी मांजरे आणली, तर मांजरांना उंदरांपेक्षा पक्षी सोपे वाटले. मागच्या उतारावरची बिळे आधी रिकामी झाली. घरात पोरांचा इतका गलका असे की तिकडचा आवाज बंद झाल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

मग दिवा आपोआप लागू लागला आणि माणसे निघून गेली. जाताना धाकट्या दिवेवाल्याच्या बायकोने मला ओल्या फडक्याने पुसले. रिकाम्या घरातली फळी कशाला पुसायची? पण तिने पुसले. त्यानंतर कितीतरी वर्षे मला माणसाचा हात लागला नाही. छप्पर गळायचे. उंदरांनी माझी एक कड कुरतडली.

सरकारने बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले, तेव्हा मांजरे पकडून नेली आणि मोठ्या कष्टाने उंदीर संपवले. मग राखणदार आणि त्याची बायको राहायला आली. तिने मला कचऱ्यातून बाहेर ओढले, नखाने खरवडून पाहिले आणि म्हणाली, "लाकूड चांगलं आहे हो. नुसतं उपाशी आहे." तिने मला तेल पाजले. कपाटाची पाठ काढून दुसरी फळी केली, ती माझी जोडीदारीण.

तेव्हापासून आम्ही चौघे उतारावर फिरू लागलो. पुढे राखणदारीण, मागे राखणदार. तो मागची फळी उचलून तिच्या हातात द्यायचा, ती पुढे टाकायची. तो घाईचा माणूस. फळी नीट टेकण्याआधीच पाय उचलायचा. ती मागे न बघता म्हणायची, "अहो, आधी फळी, मग पाय." तो म्हणायचा की आता हे झोपेतसुद्धा ऐकू येते. ती म्हणायची, मग झोपेत तरी ऐका.

सामान आणणारा नाववाला दोघांची थट्टा करायचा. "काय काकू, तुमचे पाय जमिनीवर म्हणून नसतात," असे तो एकदा म्हणाला. ती म्हणाली, "खाली लेकुरवाळे राहतात. त्यांच्या छपरावर नाचू का?" तेव्हापासून तोही धक्क्यावर जपून पाय टाकायचा, आणि धक्का तर दगडाचा आहे.

मागच्या उतारावर पक्षी परत येतात का, एवढाच तिला ध्यास होता. बिळात कोणी राहते का हे बघायची तिची एक पद्धत होती. बिळाच्या तोंडाशी बारीक काड्या कुंपणासारख्या उभ्या रोवायच्या. वाऱ्याने पडल्या तर सगळ्या एकाच अंगाला निजतात. पक्षी शिरला तर आतल्या बाजूला ढकललेल्या दिसतात. दरवर्षी ती काड्या रोवायची आणि दरवर्षी त्या वाऱ्यानेच पडलेल्या असायच्या.

या वर्षी तिच्या पोटात दुखू लागले. तरी नाव यायच्या दिवशी पहाटे ती आम्हाला घेऊन मागच्या उतारावर गेलीच. काड्या रोवताना मधेच माझ्यावर बसायची, पोट धरायची, पुन्हा उठायची. राहत्या बिळाला पक्ष्यांचा उग्र वास येतो; एका बिळापाशी तिने वाकून वास घेतला आणि ती हसली. राखणदाराला ती काही बोलली नाही. नावेत बसताना मात्र तिने त्याला बजावले, "मी आले की दोघं मिळून बघू. एकटे जाऊ नका. तुम्ही घाई करता." तो म्हणाला, नाही जाणार.

बेट सोडून दोघांनी एकदम जायचे नाही असा नियम होता. शिवाय दवाखान्यातून ती आठवड्याभरात परत येणार होती.

त्या दिवशी धक्क्यावरून तो सावकाश परतला. आम्हाला उचलले आणि स्वतःच्या पावलांच्या मागावर एकटाच फळ्या टाकत गेला. फार वेळ लागला. एका जागी त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. भोकात एक पक्षी अंड्यावर बसलेला होता. पाठीवर माती पडली होती, पण तो हलला नव्हता. त्याचा जोडीदार समुद्रावर होता. राखणदाराने बोटाने माती झाडली, तेव्हा पक्ष्याने त्या बोटाचा कडाडून चावा घेतला. रक्त आले. त्याने बोट मागे घेतले नाही. "चाव," तो म्हणाला, "चाव मला." मग तो रडला.

त्याने करवत आणली आणि माझे एक टोक हातभर कापले. तो तुकडा भोकावर ठेवून वर गवत लावले. तेव्हापासून मी जोडीदारणीपेक्षा आखूड आहे. मला त्याचे दुःख नाही. परवा त्या तुकड्याखालून पिलाचा आवाज आला.

निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी नाववाला त्याला घेऊन गेला आणि सगळे आटोपल्यावर परत आणून सोडले. परतताना राखणदाराच्या हातात तिचा चष्मा होता. तो चष्मा आता खिडकीत आहे. नाववाला डोके खाजवत म्हणाला, "काका, मी येऊ का मागच्या उतारावर? मागची फळी मी देतो." राखणदार म्हणाला, "तुझ्या वजनाला चार फळ्या लागतील." दोघेही थोडे हसले. मग राखणदार म्हणाला, "बघू."

मित्रांनो, फळीचे सांगणे काय असणार? पाय टाकण्याआधी खाली कोण राहते ते बघत जा. आणि जुने लाकूड दिसले तर त्याला थोडे तेल द्या.

राखणदार रोज आम्हाला दाराबाहेर काढतो, पुसतो, मागच्या उताराकडे बघतो आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवतो. पक्ष्यांचे जायचे दिवस जवळ आले आहेत. तिने रोवलेल्या काड्या अजून कोणी पाहिलेल्या नाहीत.