घोडीची झूल

"सखूमावशी, परवाच्या लग्नात नवरदेवाच्या घोडीवरची झूल लाल होती की पिवळी?" लीलाने चेहरा शक्य तितका भाबडा ठेवून विचारलं.

सखुबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "पिवळी गं. एकदम पिवळी! काठाला जरीचा गोटापण होता."

कुमुदिनीने पदर तोंडाशी धरला. दोघी कशाबशा गल्लीच्या टोकाला आल्या आणि हसता हसता कुमुदिनीला भिंतीचा आधार घ्यावा लागला. घोडी नव्हतीच! नवरदेव पोलोग्राउंड भागातल्या एका कारखानदाराचा मुलगा. तो मोटारीतून उतरला, तेव्हा सखुबाई मांडवाच्या दारातच उभ्या होत्या.

लीला वकिलीच्या वर्गात, कुमुदिनी मानसशास्त्राच्या. नुसत्या प्रश्नाने साक्षीदाराची आठवण बदलते का, हे दोघींनी मिळून तपासायचं ठरवलं, तेव्हा कॉलेजात कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता निम्म्या गल्लीला त्यांनी साधं विचारलं होतं, नवरदेव कसा आला? सगळ्यांनी मोटार सांगितली. उरलेल्यांना झुलीचा रंग विचारला, तर बहुतेकांनी रंगच सांगितला. गल्लीतले नंदूभिया तर लाल म्हणून भांडायला उठले.

"निबंध नाही गं हा, बॉम्ब आहे!" कुमुदिनी म्हणाली.

लीला जवळजवळ धावतच घरी पोचली. ओसरीवर तिचे वडील कृष्णराव बसले होते. होळकर दरबार गेला, मध्यभारत आलं, तरी ते सरकारी वकीलच राहिले होते. समोर देपालपूरचा संताजी होता. बाबूराव नावाच्या एकाने कुऱ्हाडीने वार केल्याचा खटला उद्या उभा राहायचा होता. बाबूराव तुरुंगात होता, आणि पाहणारा संताजी एकटाच.

"नाना, आधी माझं ऐका!" लीलाने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गोट्याचा काठ ऐकून कृष्णराव खदखदून हसले. संताजी हसला नाही.

"पण कायद्याला हे कधीचं ठाऊक आहे," कृष्णराव म्हणाले. "आपल्याच साक्षीदाराला असे प्रश्न विचारू देत नाहीत कोर्टात."

"कोर्टात नाही, नाना. पण कोर्टाच्या आधी?"

ती अजून धापाच टाकत होती. कृष्णरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग संताजीकडे वळले.

"संताजी, त्या संध्याकाळी काय पाहिलंस? तुझं तूच सांग."

संताजीने फेट्याचा शेमला बोटांत फिरवला.

"सच सांगू, वकीलसाहेब? ओरडा ऐकला. धूळ फार होती. एक माणूस पळताना दिसला."

"आणि कुऱ्हाड?"

"ती तुम्हीच विचारली होती जी. उजव्या हातात होती का डाव्या, म्हणून. तेव्हापासून मला ती दिसते."

लीला हळूच खाली बसली. कृष्णरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरं. मग पळणारा तो बाबूराव..."

त्यांनी एकदम हात वर केला.

"नको. सांगू नकोस. थांब, मी पुन्हा विचारतो."