किती कान?

"ताई, कांद्यात गवत कंबरेला लागायला आलंय आणि तुम्ही वैरणीच्या खोलीत गाणी लावत बसलाय! जनाची नाही तर मनाची तरी ठेवा की!"

बांधावरूनच ओरडले मी. माझं साधं बोलणंही तीन शेतं ओलांडून जातं, हे तर ओरडणं. थोरली दारात आली, ओठांवर बोट ठेवलं आणि दार लोटून घेतलं. म्हणजे माइक चालू होता. म्हणजे माझा कांदा, माझं गवत, सगळं जगभर गेलं.

थोरली माझी जाऊ. घरं दोन, विहीर एक आणि भांडण रोजचं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हेही तितकंच खरं.

तिचा रेडिओ म्हणजे दुकानात मिळतो तो डबा नव्हे. इंटरनेटवरचा. वैरणीच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गोधड्या. नाव बांध रेडिओ. गाणी सिनेमातली नाहीत. खुरपताना बाया म्हणतात ती, म्हाताऱ्या सुताराची बासरी, मेंढराच्या मागं जाणाऱ्याची शीळ. थोरलीच रानोमाळ फिरून टिपून आणायची. मधेच गाय हंबरली तर तीही गाण्यात. ज्याच्याकडे फोन आहे त्यानं बटण दाबायचं आणि ऐकायचं. किती फोन ऐकताहेत त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. नुसता आकडा, नाव नाही, गाव नाही.

न्हावी एकदा म्हणाला, "माणसं कशाला मोजता? कान मोजा, दुप्पट दिसतील." तेव्हापासून जो भेटेल तो विचारायचा, "आज किती कान?"

"सदुसष्ट," थोरली सांगायची. माणसं चौतीस, पण सुताराचा डावा कान ठार बहिरा, म्हणून एक वजा. सुतार चिडायचा. "माझा उजवा दोघांचं ऐकतो, तो दोनदा धर!"

न्हाव्यानं त्या चौतिसांचा छडाही लावला होता. त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. तेहतीस गावातलेच निघाले. चौतिसावा कोण, ते काही सापडेना.

"असेल कुणी वाट चुकलेला," न्हावी म्हणाला.

त्या दिवशी थोरलीनं दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा मला हाक मारली. तेव्हाच मी ओळखलं, हिच्या मनात कोण आहे ते.

रेडिओ मुळात तिचा नव्हताच. तिच्या मुलाचा. पाळण्यात असा टाहो फोडायचा की गावानं नाव ठेवलं भोंग्या. मोठा झाला तसा आवाजाचंच वेड. मला म्हणायचा, "काकू, आज बारा कान आहेत, एक दिवस बारा हजार होतील. गाव सोडून गेलेली माणसं कुठे कुठे आहेत बघ. घरचा आवाज ऐकायला माणूस काय वाटेल ते करतो." मी म्हणायचे, "आधी कांदा काढ, मग हजार मोज." नुसता हसायचा.

माझे थोरले दीर भारी तापट. एके दिवशी पाणी धरायची पाळी पोराची होती. तो खोलीत गाणं जोडत बसला, पाट फुटला, पाणी सगळं ओढ्याला आणि आमचं पीक कोरडं. दिरांनी भर अंगणात त्याच्या मुस्काटात दिली. "गाण्यानं पोट भरतं का रे? नीघ! या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवलास तर बाप मेला समज!"

पोरानं आईकडे बघितलं. थोरली चौकट धरून उभी होती. एक शब्द बोलली नाही. मीही तिथंच होते. तीन शेतं ओलांडणारा माझा आवाज त्या दिवशी कुठे मेला होता, देव जाणे. पोरगा पिशवी घेऊन गेला तो गेलाच.

चार वर्षं झाली. नंबर बदललेला. दोन वर्षांपूर्वी दीर गेले, तेव्हाही आला नाही. कळलं तरी असेल की नाही, कुणास ठाऊक.

तो गेल्यावर आठवडाभरानं थोरली त्या खोलीत गेली. भिंतीवर त्याच्या अक्षरातला कागद होता: हिरवं बटण दाब. दिवा लागेपर्यंत थांब. मग बोल. तिनं बटण दाबलं, आणि जी त्या दिवशी बोलली नव्हती ती रोज बोलायला लागली. दोन गाण्यांच्या मधे सांगायची, "विहिरीला दीड हात पाणी चढलंय. लाल गाय व्यायली, कालवड आहे. वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा उडाला होता, बसवला." दीर गेले ते मात्र तिला माइकवर कधी सांगवलं नाही.

"कुणाला सांगता हो हे?" मी विचारलं.

"चौतिसात एक तो असेल गं, धाकटे."

"आणि नसला तर?"

"तर तेहतीस आहेतच की."

असं बरं चाललं होतं. मग पत्र आलं. ज्या कंपनीनं रेडिओला फुकट जागा दिली होती तिचं. मास्तरीणबाईंनी पडद्यावर बघून मराठीत सांगितलं, "लहान स्टेशनं बंद करताहेत. महिनाअखेर, संध्याकाळी सहाच्या आत एकदा तरी शंभर श्रोते एकत्र दिसले पाहिजेत. नाही दिसले तर आपलं बंद." एवढं सांगून त्या आठ दिवसांच्या ट्रेनिंगला गेल्या.

थोरली भिंतीला टेकली. "बंद झालं तर त्याच्याशी बोलू कुठून मी?"

मला ते बघवेना. मी म्हटलं, "ताई, शंभराचं माझ्यावर सोडा. गाव मी गोळा करते. तुम्ही फक्त गाणी लावा."

आणि गोळा केलंच. दारोदार फिरले. एकत्र म्हणजे एकत्र! मला दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. आमच्याकडे कणसं झोडायची तरी एकत्र, रडायचं तरी एकत्र. सगळ्यांना बजावलं, "शेवटच्या दिवशी पाचला आमच्या खळ्यावर यायचं. फोन बंद करून घरी ठेवायचे, मधेच कुणाचा वाजला तर घोटाळा नको." मांडववाल्याला सांगून त्याचा मोठा कर्णा आणवला, तो त्याच्या फोनला जोडला. थोरलीला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, आकडा बघूनच तिला कळू दे.

त्या दिवशी कोरडा वारा सुटला होता, खळ्यावरचा भुसा डोळ्यात जात होता. तरी माणूस लोटलं. दोनशेच्या वर असतील. सुतार उजवा कान कर्ण्याकडे करून पहिल्या रांगेत. थोरलीचं बोलणं इंटरनेटवरून फिरून यायला अर्धा मिनिट लागतं. ती खोलीत बोलायची आणि अर्ध्या मिनिटानं खळ्यावर कर्णा गरजायचा. बासरी लागली तशी बाया डोळे पुसायला लागल्या. माझी छाती अशी फुगली म्हणता! साडेपाचला मी खोलीत शिरले.

"किती झाले?"

थोरली पडद्याकडेच बघत होती. "दोन."

"दोनशे?"

"दोन, धाकटे."

मला वाटलं यंत्र बिघडलं. खिडकीतून दुकानदार डोकावला, त्यानं बाहेरचा कर्णा बघितला, आतला आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला. "अहो काकू, ते माणसं मोजत नाही, फोन मोजतं! कर्ण्याचा फोन एकच. दोनशे जण ऐकताहेत ते त्याला काय दिसतंय?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. रोजचे तेहतीस होते तेही मीच फोन बंद करून खळ्यावर आणून बसवले होते.

न्हावी बाहेर ओरडला, "अजून अर्धा तास आहे! पळा घरी, फोन लावा!" माणसं उठली, धुरळा उडाला.

"थांबा!"

थोरली दारात उभी होती. तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"कुणी जाऊ नका. दोन दिसताहेत. एक कर्णा. दुसरा कोण?"

तेहतीसच्या तेहतीस जण समोरच होते, न्हाव्यानं बोटानं मोजले.

"ताई, वेळ जाईल," मी म्हटलं. "रेडिओ जाईल!"

"जाऊ दे. चौतिसात मला तो ओळखू येत नव्हता. आज येईल."

ती आत गेली, गाणं थांबवलं, माइकपाशी बसली. "भोंग्या," ती म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं हाक मारली. "तुझा बाप गेला, दोन वर्षं झाली. शेवटी तुझंच नाव घेत होता. त्या दिवशी मी चौकट धरून उभी राहिले, बोलले नाही. चुकलं माझं. आईनं बोलायला पाहिजे होतं. तू ऐकत असशील तर एवढंच कर, एकदा बंद कर आणि परत लाव. मला कळेल."

अर्ध्या मिनिटानं बाहेर कर्ण्यातून तेच सगळं पुन्हा आलं, "चुकलं माझं", आणि उठलेली दोनशे माणसं जागच्या जागी खाली बसली.

दोनाचा एक झाला.

मी तिचा खांदा धरला. आता होईल, आता होईल. एक तो एकच. मी मनात शंभर मोजले, परत शंभर मोजले. मला वाटलं, गेला. बापाचं ऐकून खचला, नाहीतर रागावला. थोरलीचे ओठ पांढरे पडले होते.

एकाचा दोन झाला.

तिनं पडद्यावरच्या आकड्यावर हात ठेवला आणि लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा फिरवत राहिली. मग हमसून हमसून रडली. खिडकीशी न्हावी रडत होता, "आहे! आहे हो!" म्हणत होता.

मग पळाली माणसं. पण आमची घरं रानात, लांब लांब. म्हाताऱ्यांचे गुडघे ते किती पळणार. आकडा चढत गेला, नऊ, तीस, एकसष्ट. सहा वाजले तेव्हा शहात्तर होते. त्या शहात्तरात पोरगा कुठला, ते पुन्हा कळेनासं झालं.

सकाळी तिनं हिरवं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

मी चार दिवस तिला तोंड दाखवलं नाही. पाचव्या दिवशी तीच आली. "मेले, तुझ्यामुळे मला कळलं तो आहे म्हणून. ये खुरपायला."

"फोन करेल तो, ताई. आपला नंबर त्याला पाठ आहे."

"ऐकायला जमतं त्याला. बोलायला जड जातं. माझ्यावर गेलाय."

फोन आला नाही. अजून नाही.

मास्तरीणबाईंनी दुसरीकडे जागा मिळवून दिली. रेडिओ तोच, पत्ता नवा. गावातल्यांना पत्ता घरोघर जाऊन सांगितला. ज्याला सांगायला हवा त्याला सांगणार कुठे? रोज आकडा तेहतीस. गेल्या महिन्यापासून तेहतीस म्हणजे तेहतीस. थोरली विहिरीचं पाणी सांगते, कालवडीचं सांगते आणि शेवटी अर्धा मिनिट थांबून आकड्याकडे बघते.

मला वाटलं, तेवढाच एक वाढला तर बाईला बरं वाटेल. मी आजवर फोनवर कधी ऐकलं नव्हतं, मला कुठली सवड! परवा सकाळी फोनवर रेडिओ लावला, गवत भरायच्या बुट्टीखाली ठेवला आणि कांद्यात खुरपायला बसले.

घटकाभरानं थोरली बांधावरून धावत आली. या वयात धावली. पायात चप्पल नाही. "धाकटे! चौतीस! अगं, चौतीस झाले! पत्ता सापडला त्याला!"

माझ्या हातातलं खुरपं गळालं. काय केलं मी हे, पुन्हा? गप्प बसले असते तर तिला दोन घास गोड लागले असते. पण एकदा चौकटीपाशी गप्प बसून काय झालं ते मी बघितलंय.

"ताई," मी म्हटलं आणि बुट्टी उचलली. खालून तिनंच लावलेलं गाणं मोठ्यानं ऐकू यायला लागलं.

ती बघत राहिली. मग शेजारच्या सरीत बसली, माझं खुरपं उचललं आणि गवत उपटायला लागली.

"बंद करू का?" मी विचारलं.

"नको. राहू दे. तेवढंच कुणीतरी ऐकतंय."

काल न्हाव्यानं रस्त्यात विचारलं, "किती कान?"

"सदुसष्ट," थोरली म्हणाली.

आकडा पहिल्याएवढाच आहे. त्यातले दोन माझे.