टायरची आतली कड

माझ्या लेकाचा, तुकोजीचा लाकडी चेंडू मोटारीखाली गेला म्हणून मी वाकले, नाहीतर मला तरी कुठलं दिसायला! बाहेरून पुढचे दोन्ही टायर नवेकोरे, नक्षी जशीच्या तशी. आतल्या कडेला मात्र रबर पार घासून खालचं कापड दिसायला लागलं होतं. मी तळवा फिरवला. आतून बाहेर आणताना गुळगुळीत लागलं, बाहेरून आत नेताना करवतीसारखं टोचलं. दुसऱ्या चाकालाही तेच.

उद्या सकाळी याच मोटारीतून बेट्टदपुरला जायचं होतं. तिथल्या डोंगरावरच्या देवापुढे तुकोजीचं जावळ काढायचा नवस होता. तो माझ्या मांडीवर असणार, आणि वाटेत उतार, वळणं. हात धुतले तरी ते टोचणं तळव्यावरून जाईना.

मी यांना हाक मारली. मानाजीराव आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "अगं, आत्ताच तर बदलले."

"आतून बघा."

ते गुडघ्यावर बसले आणि लवकर उठले नाहीत.

"जुने कसे झिजले होते हो?"

"कुणी बघितलं! आबा म्हणाले, नाल झिजली की नवी ठोकायची, त्यात बघायचं काय."

आबा म्हणजे माझे सासरे, भुजंगराव. सगळा जन्म महाराजांच्या घोडदळात गेलेला. चामराजपुरमच्या घरी मोटार आली तीही त्यांच्या लेखी घोडीच. राहते जुन्या तबेल्यात. गेले काही दिवस ती सरळ रस्त्यावरही भरकटायची, हे सारखे स्टिअरिंग सावरत असायचे, आणि आबा मागून सांगायचे, "लगाम ढिला सोडू नकोस, तोंड हलकं आहे तिचं."

मला ते तोंडाचं काही पटेना. दोन्ही चाकं सारखी आत झिजतात, म्हणजे ती सरळ धावतच नसणार, रस्त्यावर तिरकी घासत असणार. मी सुतळी आणली. एक टोक यांच्या हातात दिलं. आधी चाकांच्या पुढच्या बाजूंमधलं अंतर मोजलं, मग तेवढ्याच उंचीवर, इंजिनाखालून, मागच्या बाजूंमधलं. पुढे सुतळी चांगली दोन बोटं जास्त लागली.

"चाकं पुढून फाकलीत," मी म्हटलं.

हे कंदील घेऊन खाली शिरले. दोन्ही चाकांना मागच्या बाजूनं जोडणारा लोखंडी दांडा असतो, तो मधोमध धनुष्यासारखा पुढे वाकून आखूड झाला होता, म्हणून चाकं मागून आत ओढली गेली होती. आणि वाकला होता तिथेच जाड दोराची गाठ होती. दोराचं दुसरं टोक समोरच्या भिंतीतल्या कडीला.

तबेल्याची जमीन मागे मोरीकडे उतरती, घोड्यांचं पाणी वाहून जावं म्हणून. मोटारीचा हातब्रेक नीट धरत नाही. ती मागे घसरू नये म्हणून आबा रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं तिला पुढून बांधत. सगळं वजन रात्रभर त्या एका दांड्यावर.

आबा दारात येऊन उभे होते. ह्यांनी चाचरत सांगितलं. आबा हसले.

"सूनबाई, कॉलेजात मोटारीची नाडीपण बघायला शिकवतात होय? तीस वर्षं जनावरं बांधली मी. एक तरी पाय वाकला?"

"मामंजी, जनावर स्वतःच्या पायावर उभं असतं. ही दोराला लोंबकळते."

"बिडु, बिडु! सोड ते. उद्या मुहूर्त आहे. हळू चालवेल तो."

"टायर उतारावर फुटला तर हळू काय करणार?" माझा आवाज चढला तसा मलाच ऐकू आला. तुकोजीला उचलून मी छातीशी धरलं. "तुम्ही जा हवं तर. मगूला, माझ्या लेकराला, मी या गाडीत बसवणार नाही."

"मग नवस चुकला तर?"

"माझ्या माथी."

आबा आत गेले. हे माझ्याकडे बघत राहिले, बाजूनं की विरुद्ध ते कळेना. संध्याकाळी तुकोजी दोनदा शिंकला. जेवणाची ताटं वाढत होते, सगळ्यांचे हात थांबले. मी चारदा त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तरी पाहत राहिले.

सकाळी, निघायच्या वेळेला, ह्यांनी दांडा सोडवून पडवीत आणला. फरशीवर ठेवला तर दोन्ही टोकं टेकली आणि मधून मांजर सहज गेलं असतं. आबा स्नान करून, जरीकाठी पटका बांधून आले होते. आधी ते उभ्यानं बघत होते. मग खाली बसले, दांड्यावर हात फिरवला.

"घोडं असतं तर लंगडलं असतं," ते ह्यांना म्हणाले. "ह्या मेलीनं सांगितलंच नाही."

ती तर रोज रस्त्यावर भरकटून सांगत होती.

"लोहाराकडे ने," आबा म्हणाले. "टायर नवे घाल. दिवस मी भटजींना पुन्हा विचारतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "आण त्याला."

मी तुकोजीला लगेच दिलं नाही. आधी त्याचं अंगडं सारखं केलं, उगाचच, मग दिलं, आणि जवळच उभी राहिले.